भाऊबीजेला कोण कोण येतं?

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते 1999 च्या पावसाळ्यात. सीनियरांनी गावाचं नाव आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात दिली होती आणि "तीसपासूनचे फेरफार काढून आण" एवढंच सांगितलं होतं. तीस म्हणजे 1930, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कारकुनाने कापडात बांधलेला रुमाल समोर ठेवला, गाठ सोडली आणि तो चहाला निघून गेला. आतले कागद कडेने चुरा होत होते. पान उलटताना बोटाला पिवळट भुगा लागायचा आणि त्या भुग्यात एखाद्याच्या नावाची अर्धी वेलांटी गेली असेल, या विचाराने मी पान उलटायलाच घाबरत होते. 'मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882' मी परीक्षेसाठी पाठ केला होता, त्यात चांगले गुणही मिळाले होते. पण सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो आणि अर्धी भांडणं त्याच रकान्यात झोपलेली असतात, हे पाच वर्षांत मला एकाही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी हेच काम करते. पुणे जिल्ह्यातल्या जमिनींचे शोध घेते आणि टायटलचा अहवाल देते. कोर्टात उभं राहणं कमी, कचेऱ्यांतून फिरणं जास्त. सातबारा आज काय आहे ते सांगतो. ते तसं कसं झालं हे फेरफार सांगतात, म्हणजे गाव नमुना सहा. एकेक नोंद धरत मागे मागे जायचं. नेहमीचा शोध तीस वर्षांचा, पण आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. 1948 चा कूळ कायदा आला, कुळांना मालक ठरवणारा 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला, त्याआधी 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आणि त्याच्यामागून गावोगाव झालेली एकत्रीकरणाची योजना. सर्व्हे नंबर गेले, गट आले. या प्रत्येक कायद्याने उताऱ्यावर आपापली खूण सोडलेली आहे. कूळ कायद्याचं 32 म चं प्रमाणपत्र, त्यातल्याच कलम 43 ची अट, 'नवीन अविभाज्य शर्त' हे लाल शाईतले तीन शब्द. 1958 च्या कायद्याने महार वतनं खालसा झाली आणि त्या जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्यातल्या कितीतरी जमिनी पुढे कुणाच्या हाती कशा गेल्या हे वाचताना आजही मला पेन खाली ठेवावंसं वाटतं. अशी फाईल आली की मी पहिल्या दिवशी कुणालाच उत्तर देत नाही.

आमच्या धंद्यातली दुसरी बाजू नगररचनाकारांची. ती मला शिकवली एका सरांनी. सरकारी नगररचना विभागातून निवृत्त होऊन ते खाजगी सल्लागार म्हणून काम करत होते आणि 2001 साली एका लेआऊटच्या निमित्ताने आमची गाठ पडली. मी फाईल उघडून बसले होते. ते म्हणाले, "ती मिटा आणि आधी गावनकाशा काढा."

त्यांनी टेबलावर गावनकाशाची छायाप्रत पसरली आणि आमच्या गटातून तिरकी गेलेली एक जोड रेषा दाखवली. दोन्ही रेषा तुटक.

"हे काय?"

मला सांगता येईना.

"गाडीवाट. दुहेरी तुटक रेष असली की गाडीवाट, एकेरी असली की पायवाट. आता रुंदी सांगा."

तीही येईना. मग त्यांनी सांगितलं. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीला साखळी लावून होतो तो चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. पायवाट चार आण्यांची, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट आठ आण्यांपासून पुढे, म्हणजे साडेसोळा फूट ते एकवीस फूट. मी गुंठ्याचे चौरस फूट शाळेपासून पाठ केले होते. 1089 हा आकडा कुठून येतो ते त्या दिवशी समजलं.

मग आम्ही जागेवर गेलो. वाट होती. बांधाच्या कडेने, बाभळींमधून, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. त्या वाटेने गावातली माणसं ओढ्याकाठच्या स्मशानभूमीत जात होती. सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नव्हता, खरेदीखतात नव्हता, मी तयार केलेल्या कच्च्या अहवालात अर्थातच नव्हता. प्लॉट मात्र तिच्यावरच आखलेले होते. सरांनी जमीनमालकाला बसवून तासभर समजावलं आणि लेआऊटमधला आतला रस्ता त्या वाटेवरून नेला, ओढ्यापर्यंत खुला ठेवला. दोन प्लॉट कमी झाले. सर म्हणाले, "मयत खांद्यावर घेऊन आलेल्या माणसांना हे लोक कुंपणाशी थांबवणार होते का?" आज तिथे सगळी वस्ती झाली आहे आणि तो रस्ता ओढ्यापर्यंत तसाच जातो. मी अधूनमधून मुद्दाम त्या बाजूने गाडी घेते.

वकील जमिनीचं मागचं बघतो, नगररचनाकार पुढचं. कॉलेजात दोघांना एकमेकांचं काही शिकवत नाहीत. मुलं नियोजनाची पदवी घेऊन बाहेर पडतात, जीआयएसवर सुंदर नकाशे करतात, पिवळ्या रंगात निवासी झोन, हिरव्यात शेती. पण त्या हिरव्या ठिपक्याखाली कुणाच्या बापाचे किती गुंठे आहेत हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. आणि आमची मुलं पन्नास वर्षांचे फेरफार तोंडपाठ सांगतात, पण त्या जमिनीला पोहोच रस्ता आहे की नाही विचारलं तर गप्प बसतात.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या चुकीची आहे.

2004 साली पुण्याच्या पूर्वेकडच्या एका गावातली साडेतीन एकर जमीन एका बांधकाम कंपनीला घ्यायची होती. टायटलचं काम माझ्याकडे आलं. स्वतंत्र ऑफिस टाकून मला जेमतेम वर्ष झालं होतं. फेरफार सरळ होते. मूळ मालक 1974 मध्ये वारला. वारस म्हणून दोन मुलगे आणि दोन विवाहित मुली. त्याच नोंदीत पुढे लिहिलेलं होतं की मुलींनी आपणांस हिस्सा नको असा जबाब दिला, सबब भावांची नावे दाखल केली. खाली दोन अंगठे, प्रत्येकापुढे 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या अंगठ्याची. सर्कलने नोंद प्रमाणित केलेली. तीस वर्षांत कुणाची हरकत नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवस वाट पाहिली, कुणी आलं नाही. मी अहवालात एक वाक्य लिहिलं : 'मयताच्या मुलींनी आपला हक्क भावांच्या लाभात सोडल्याचे दिसून येते.' आणि शेवटी, 'सदर मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे.'

कायदा मला माहीत होता, हे इथे सांगितलं पाहिजे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. जमिनीतला हक्क तलाठ्यापुढच्या जबाबाने सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा होताच. हे सगळं मला विचारलं असतं तर मी धडाधडा सांगितलं असतं. पण गावोगावच्या शेकडो नोंदींत हेच वाक्य असतं. वाचून वाचून डोळे त्याच्यावरून घसरतात. आजूबाजूचे सगळे ते चालवून घेत होते, मीही घेतलं.

2010 च्या मार्चमध्ये एक आजी ऑफिसात आल्या. बरोबर कॉलेजात जाणारा नातू, मुलीचा मुलगा. आजींनी हिरवट इरकल नेसलं होतं, हातात कापडी पिशवी होती. नातवाने त्या फेरफाराची नक्कल काढली होती. जमिनीवर तोपर्यंत तीन इमारती उभ्या राहून लोक राहायला आले होते. माझं नाव त्यांना कुठून मिळालं ते मी विचारलं नाही.

आजींनी नक्कल माझ्यापुढे ठेवली, अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो अंगठा कुनाचा?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्या नावापुढे आहे."

त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं. नक्कल उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला सही केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. "चौथी पास हाय मी. गुरुजींनी सही गिरवून घेतली व्हती, कुठं अंगठा लावायचा न्हाई म्हनून. आजपातूर लावला न्हाई."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. मला एका दिवसाचं काम होतं. 2004 मध्ये त्या दोघी कुठे दिल्या आहेत एवढं भावांना विचारायचं, एस.टी. पकडायची आणि जाऊन यायचं. आजींचं सासर पुण्यापासून दोन तासांवर होतं. माझी जाहीर नोटीस पुण्याच्या आवृत्तीत छापली होती. त्यांच्या घरी कुठलंच वर्तमानपत्र येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला लेखी कळवलं की माझा अहवाल या मुद्द्यावर सदोष होता आणि या बाईंचा हक्क शाबूत आहे. त्यांनी मला पुन्हा काम दिलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक मला वाटत नाही. सात-आठ महिन्यांनी भाऊ, कंपनी आणि बहिणींची बाजू यांच्यात तडजोड झाली. दुसरी बहीण आधीच वारली होती, तिच्या मुलांनी सह्या केल्या. नोंदणीच्या दिवशी मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मागच्या बाकावर जाऊन बसले. बोलावलं नव्हतं कुणी. आजींना किती रक्कम मिळाली ते मला माहीत आहे आणि ती तेव्हाच्या बाजारभावाच्या कितपत जवळ होती तेही माहीत आहे. दस्त झाल्यावर त्यांनी नातवाला विचारलं, "आता उताऱ्यावर माझं नाव लागंल का?" तिथे आता सोसायटी होणार होती. नातू माझ्याकडे बघायला लागला. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि खरं ते सांगितलं, की आता नाही लागणार. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग दस्ताची प्रत मागून घेतली आणि त्यात आपलं नाव कुठे कुठे आहे ते बोट फिरवून मोजलं.

त्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सगळेच जोडतात. त्यात नावं गळतात. कधी मुद्दाम, पुष्कळदा सवयीने. "वारस किती?" विचारलं की घरातला कर्ता पुरुष मुलगे मोजतो. "बहिणी किती?" विचारलं की त्याच्या कपाळावर आठी येते, वकीलबाईंना हे कशाला हवं. म्हणून मी तो प्रश्न ओसरीवर विचारत नाही. चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाते, तिथल्या बायकांशी बोलते आणि विचारते, "भाऊबीजेला कोण कोण येतं तुमच्याकडे?" मग सगळ्या येतात. बारामतीची येते, दौंडची येते, मुंबईची एक वर्षाआड येते, एक रुसलेली आहे ती पाच वर्षांत आली नाही, एक गेली पण तिची मुलं मामाकडे येतात. एकही नाव गळत नाही. कुणाला काय साडी दिली तेही कळतं.

हक्कसोडपत्र करायचं असेल तर बहिणीशी मी एकटीच बोलते, भावाला बाहेर बसवून. दस्त मोठ्याने वाचून दाखवते. 'प्रेमापोटी व विनामोबदला' या शब्दांशी थांबते आणि विचारते, "हे खरं आहे?" निम्म्या जणी हसतात. काही सांगतात की दादाने वडिलांचं सगळं आजारपण काढलं, मला खरंच काही नको. त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. काही म्हणतात, "वकीलबाई, घेतला तर माहेर तुटतं." 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीने हिस्सा दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं झालेली होती त्या बाहेरच राहिल्या. 2005 मध्ये केंद्राने ती दुरुस्ती सगळ्यांसाठी केली आणि 2020 मध्ये विनीता शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. कायद्याला हे अंतर कापायला इतकी वर्षं लागली. भाऊबीजेच्या ताटापुढे बसलेल्या बाईला 'माझा हिस्सा' हे दोन शब्द तोंडातून काढायला किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही. मी एवढंच करते, की सही करण्याआधी तिच्या हिश्शाचं क्षेत्र आणि आजच्या बाजारभावाने त्याची किंमत एका कागदावर लिहून तिच्या हातात देते. ती किंमत बघून तीन-चार जणींनी दस्त न करता परत जाणं पसंत केलं. त्यांचे भाऊ माझ्यावर चिडले, व्यवहार लांबले. बिल्डरांना हे आवडत नाही. ज्यांना आवडत नाही त्यांच्याकडे पुण्यात दुसरे वकील आहेत.

सरांचं आणि माझं एकदाच कडाक्याचं वाजलं, ते सांगायला हवं. एका लहान शहरात एका शेतकऱ्याच्या बत्तीस गुंठ्यांवर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. दहा वर्षं उलटून गेली होती. नगरपालिका जमीन घेत नव्हती, पैसे देत नव्हती आणि आरक्षण असल्यामुळे त्याला ती विकताही येत नव्हती. त्याच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं. मी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस दिली. तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती. आता ती चोवीस महिने आहे. त्या सहा महिन्यांत पालिकेने ठराव केला, प्रस्ताव पाठवला, बाकी काही नाही. 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनाचं पाऊल टाकणं नव्हे. त्या आधारावर आरक्षण व्यपगत झालं. त्याने जमीन विकली, बायकोचे उपचार झाले, मला पेढे आणून दिले.

सर म्हणाले, "तुम्ही जिंकलात ते बरोबरच आहे. त्या माणसावर अन्याय होत होता. पण तो आराखडा केलेल्या टीममध्ये मी होतो. त्या भागात दुसरी मोकळी जागा नाही. आता तिथली पोरं कुठं खेळणार, ते सांगा." मी भडकले. एका गरीब माणसाच्या जमिनीवर हिरवा रंग मारून सगळ्या शहराची सोय करायची, हे कसलं नियोजन, असं काहीतरी बोलले. ते शांतपणे म्हणाले, "हेच मी चाळीस वर्षं सांगतोय."

मग त्यांनी मला नगररचना योजनेचं गणित समजावलं. आरक्षणात एकाची जमीन जाते आणि शेजाऱ्याच्या जमिनीची किंमत वाढते. योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते-मैदानांसाठी प्रत्येकाकडून थोडी थोडी घेतात आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड देतात. मुंबई इलाख्यात हा कायदा 1915 सालीच झाला. शिवाजीनगर-डेक्कन भागातल्या दस्तांमध्ये अजून 'फायनल प्लॉट नंबर' लिहितात तो अशाच योजनेतून आलेला. मी ते शब्द शेकडो दस्तांत वाचले होते. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून, विकून न टाकता, स्वतःच शहर उभारलं. तिथेही हिशेब जमिनीच्या प्रमाणातल्या वाट्याचाच होता. सरांना त्याचं फार अप्रूप होतं.

त्या मैदानाच्या जागी आज चार मजली इमारत आहे. संध्याकाळी मुलं तिच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि वॉचमन त्यांना हाकलतो. पुन्हा तशी फाईल आली तर मी नोटीस देईनच. पण आता कुठल्याही शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की मी हरकतींच्या मुदतीत नकाशा घेऊन बसते, कुणी अशील नसलं तरी, आणि एकेका आरक्षणाखाली कुणाची किती जमीन आहे ते सातबाऱ्यांशी ताडून लिहून पाठवते. सर गेले 2019 मध्ये. त्यांचा तो गावनकाशा त्यांच्या मुलीने मला दिला, घडीवर फाटलेला, जोड रेषेवर त्यांनी पेन्सिलने '8 आणे' असं लिहिलेला.

नव्या मुलामुलींना हे काम करावंसं वाटतं, त्याचं मला बरं वाटतं. 2017 मध्ये महारेरा आलं आणि टायटलचा अहवाल संकेतस्थळावर चढवावा लागतो. पूर्वी जो कागद बिल्डरच्या कपाटात राहायचा तो आता फ्लॅट घेणारा कुणीही वाचतो. मोठ्या कंपन्यांत कायदा विभाग झाले आहेत, नगररचनाकारांना पगारी नोकऱ्या आहेत, सातबारा मोबाइलवर दिसतो. जुने फेरफारही बरेचसे स्कॅन झालेत. त्यामुळे कचेरीत जायची गरज नाही असं माझ्या ज्युनियरला सुरुवातीला वाटत होतं. स्कॅनमध्ये अंगठ्याचा नुसता काळा ठिपका दिसतो, हे तिला मी मूळ कागद समोर ठेवून दाखवलं.

परवा ती शिरूरकडच्या एका गावात जाऊन आली. नऊ एकरांची फाईल, प्रतिज्ञापत्रात तीन भाऊ आणि दोन बहिणी. तिने बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, भाऊबीजेला चौघी येतात." तिसरीचा फोन नंबर मिळाला होता. चौथी फलटणला असते, फोन उचलत नाही. बुधवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी जाणार आहोत.